मिठातलं आयोडीन आणि कॅप्सूलमधलं आयोडीन

वेंगुर्ल्याहून मावशीचा फोन आला तेव्हा ती चांगलीच वैतागलेली होती. थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. आता मुंबईला जाऊन ‘आयोडीनचा डोस’, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल, घ्यायचा होता, आणि हॉस्पिटलने हातात ठेवलेल्या इंग्रजी कागदावर एवढंच छापलं होतं की डोसाच्या आधी दोन आठवडे आयोडीन वर्ज्य. ती म्हणाली, “आयोडीन देवचा म्हणान आयोडीन खाव नको म्हणतत. ह्येंचा डोक्या ठिकाणार आसा मा?”

प्रश्न बिनतोड होता. कागदात त्याचं उत्तर नव्हतं आणि तिथे समजावून सांगायला कुणाला वेळ नव्हता. ते काम माझ्याकडे आलं. मावशीला फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, तेच इथे जरा सलग लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मिठातलं आणि कॅप्सूलमधलं, दोन्ही आयोडीनच आहेत. एक खरं आणि दुसरं रासायनिक, असं काही नाही. ज्या अणूच्या केंद्रकात ५३ प्रोटॉन, तो आयोडीनचा अणू. मिठातल्या आयोडीनच्या केंद्रकात शिवाय ७४ न्यूट्रॉन असतात, बेरीज १२७. कॅप्सूलमधल्या आयोडीनमध्ये ७८ असतात, बेरीज १३१. फरक चार न्यूट्रॉनांचा. त्या चार जास्तीच्या न्यूट्रॉनांमुळे १३१ वालं केंद्रक अस्थिर होतं, किरण बाहेर टाकतं आणि शेवटी झेनॉन नावाचा निरुपद्रवी वायू होऊन बसतं. १२७ वालं मात्र जन्मभर आहे तसं राहतं.

पण शरीराची देवाणघेवाण केंद्रकाशी नसते, ती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी असते, आणि तिथे दोघांत काडीचा फरक नाही. थायरॉईडला हे दोन वेगळे ओळखताच येत नाहीत. तिच्या पेशींवर रक्तातून आयोडीन ओढून घेणारे पंप असतात. १२७ आलं तरी ओढतात, १३१ आलं तरी ओढतात. या एका अज्ञानावर अख्खी उपचारपद्धती उभी आहे, आणि युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुअपघाताची शोकांतिकासुद्धा.

थायरॉईडला आयोडीनची एवढी हाव का? कारण तिचं मुख्य संप्रेरक, थायरॉक्सिन, त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू लागतात. बाकीच्या शरीराला ते जवळजवळ लागतच नाही. अंगात एकूण आयोडीन जेमतेम १५-२० मिलिग्रॅम, आणि त्यातलं ७०-८० टक्के गळ्यातल्या या छोट्या ग्रंथीत. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा साधारण सातवा भाग. गरोदरपणी २५०.

एवढंसंही मिळालं नाही तर ग्रंथी सुजून गलगंड होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं, कारण पावसाने आणि पुराने मातीतलं आयोडीन धुऊन नेलेलं. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीन मिसळलेलं मीठ दिलं, तिसऱ्यात साधं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंड स्पष्टपणे उतरला. त्यातूनच १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला आणि आपल्या घरातली मिठाची पुडी बदलली.

त्या पुडीत सुटं आयोडीन नसतं, पोटॅशियम आयोडेट असतं, कारण आपल्याकडच्या दमट हवेत ते जास्त टिकतं. नियम असा की घरी पोचेपर्यंत किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन तरी उरायला हवं. हिशेब करून पाहा: दहा ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाची गरज बरोबर भागली.

इथे मावशीने मध्येच विचारलं, समुद्राच्या पाण्याचंच मीठ, मग त्यात आयोडीन मिसळायला कशाला हवं? समुद्रात आयोडीन आहे, पण मिठाच्या मानाने फारच थोडं, आणि मिठागरात पाणी आटून मीठ जमताना त्यातलंही बरंच निसटतं. समुद्राचं आयोडीन साठतं ते शेवाळात आणि माशांत. १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा या फ्रेंच माणसाला हे मूलद्रव्य सापडलं तेही समुद्रशेवाळाच्या राखेत, जांभळ्या वाफेच्या रूपात. म्हणजे मिठागरावरचं जाडं मीठ आणि दुकानातलं पाकिटातलं मीठ, यांत आयोडीनच्या बाबतीत बराच फरक.

आता कॅप्सूल. १३१ चा शोध १९३८ मध्ये अमेरिकेत बर्कलीला सीबोर्ग आणि लिव्हिंगूड या शास्त्रज्ञांनी लावला. थायरॉईड आयोडीन ओढते हे तर आधीपासून माहीत होतं, मग किरण सोडणारं आयोडीनच तिला खाऊ घातलं तर? बोस्टनच्या डॉक्टर सॉल हर्ट्झ यांना हे सुचलं, आणि १९४१ मध्ये त्यांनी अतिकार्यक्षम थायरॉईडच्या रुग्णांना ते द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे ते ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत टेल्युरियमच्या संयुगावर न्यूट्रॉनांचा मारा करून बनतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून याच कामात आहे.

१३१ चं अर्धायुष्य आठ दिवस. म्हणजे औषध वाटेत असतानाच दिवसाला आठेक टक्क्यांनी घटत असतं. ते फडताळात साठवून ठेवता येत नाही. मावशीला मिळालेली तारीख ‘जरा पुढे ढकला ना, घरात लग्न आहे’ असं म्हणून ढकलता येण्यासारखी नव्हती, ती त्यामुळेच.

पोटात गेल्यावर ते दोन तऱ्हेचे किरण टाकतं. बीटा किरण काम करतात: ते पेशीजालात फार तर दोनेक मिलिमीटर जातात आणि वाटेतल्या पेशी मारतात. ऑपरेशन कितीही नीट झालं तरी चिमूटभर थायरॉईड मागे राहतेच, आणि कॅन्सरच्या काही पेशी दुसरीकडे जाऊन बसल्या असतील तर त्या सुरीला दिसत नाहीत. पण त्यांची आयोडीनची हाव टिकून असेल तर त्या आपण होऊन विष ओढून घेतात. शेजारच्या पेशींना झळ कमी. केमोथेरपीसारखे केस जात नाहीत, मावशीची मोठी धास्ती तीच होती. ती हाव नसेल, उदाहरणार्थ मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरमध्ये, तर हा डोस उपयोगाचा नाही.

दुसरे गॅमा किरण शरीर भेदून बाहेर येतात. त्यांच्यामुळे कॅमेऱ्यात चित्र मिळतं, आणि त्यांच्यामुळेच रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात.

ती खोली मी दारातून पाहिली. टेबलावर शिशाची जाड भांडुली, त्यात कॅप्सूल. तंत्रज्ञाने लांब चिमट्याने झाकण काढलं, मावशीने कॅप्सूल तोंडात टाकली, वर दोन पेले पाणी प्यायली, आणि माणसं भराभर बाहेर. सर्दीच्या गोळीहून मोठी नव्हती ती. पुढचे दिवस जेवणाचं ताट दाराशी ठेवायचे. भरपूर पाणी प्यायचं, कारण बहुतेक आयोडीन पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जातं, आणि दर वेळी फ्लश दोनदा करायचा. दुसऱ्या दिवसापासून आवळासुपारी चघळायला सांगितली, कारण तसेच पंप लाळग्रंथींतही असतात आणि लाळ वाहती ठेवली तर त्या वाचतात. एक मीटर अंतरावरून यंत्र धरून किरण मोजत, आकडा ठरलेल्या मर्यादेखाली आला तेव्हा सुट्टी.

मग मीठ का सोडायचं? इथे आकडेच बोलतात. १०० मिलिक्युरीचा डोस (मिलिक्युरी हे किरणोत्साराचं माप) म्हणजे ऐकायला केवढा मोठा. त्यात प्रत्यक्ष आयोडीन-१३१ किती असतं? एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. आणि तुमच्या रोजच्या मिठातून येतं १५० मायक्रोग्रॅम. एसटीत बसायला जावं आणि प्रत्येक सीटवर आधीच कुणीतरी रुमाल टाकून ठेवलेला असावा, तशी गत. पेशीला १३१ ओळखू येत नाही, ती त्याला आधी घ्या म्हणणार नाही. जागा असेल तर ते बसेल, नाहीतर पुढच्या स्टॉपला, म्हणजे लघवीतून, उतरून जाईल. दोन आठवडे आयोडीन तोडलं की गाडी रिकामी होते, पेशी भुकेजतात, आणि मिळेल ते आयोडीन अधाशासारखं ओढतात.

रुमाल टाकणारं मीठ एकटं नसतं. सुरमई-बांगडा, कोळंबी, सोडे, दूध-दही, अंड्याचा बलक, बाहेरचे फरसाण-पाव-लोणची, सगळं बंद. सैंधव चालेल असं परस्पर धरून चालू नये, काही पाकिटांतल्या सैंधवातही आयोडीन मिसळलेलं असतं, पाकीट वाचावं. मीठ नव्हे, मिठातलं आयोडीन सोडायचं आहे, हे एक वाक्य त्या कागदावर मराठीत असतं तर मावशीने पहिले तीन दिवस अळणी पेज खाल्ली नसती. जखमेवरचं पोव्हिडोन आयोडीनही या काळात नको, कातडीतून थोडं आत जातं.

आणि सगळ्यांत मोठा रुमाल सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या डायचा. त्या डायमध्येही आयोडीनच असतं, साधं १२७, किरणोत्सारी नव्हे. ते एक्स-रे अडवतं म्हणून रक्तवाहिन्या उठून दिसतात, बास. पण १०० मिलिलिटर डायमध्ये साधारण ३० ग्रॅम आयोडीन, म्हणजे रोजच्या गरजेच्या हिशेबाने पाचशेहून जास्त वर्षांचं. त्यातलं जवळजवळ सगळं रेणूत घट्ट बांधलेलं असतं आणि तसंच बाहेर पडतं, पण जे किंचित सुटं होतं तेही थायरॉईडचं दार आठवडेच्या आठवडे अडवायला पुरतं. डायचा स्कॅन झालेला असेल तर ते न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं लागतं. (‘मला कोळंबी बाधते म्हणजे आयोडीनची अॅलर्जी’ हा समजही इथेच भेटतो. कोळंबीची अॅलर्जी तिच्या प्रथिनाची असते. आयोडीनवाचून माणूस जगलाच नसता.)

हीच रुमालाची युक्ती उलटी वापरली की जीव वाचतो. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, १३१ हवेतून गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यात गेलं. गाईच्या कासेत आणि आईच्या स्तनांतही तोच पंप. त्याच्यामुळे तान्ह्या बाळाला आईच्या दुधातून हवं ते आयोडीन मिळतं, आणि त्याच्यामुळेच अंगावर पाजणाऱ्या बाईला कॅप्सूल देत नाहीत. चेर्नोबिलच्या आसपासच्या भागात मुळात आयोडीन कमी होतं, म्हणजे मुलांच्या थायरॉईड आधीच भुकेल्या. पुढे तिथे लहानपणी हे दूध प्यायलेल्यांत थायरॉईड कॅन्सरचे हजारो रुग्ण निघाले. शेजारच्या पोलंडने तीन-चार दिवसांत एक कोटीहून जास्त मुलांना साधं आयोडीन पाजलं, म्हणजे सीटवर आधीच रुमाल.

आजही अणुअपघाताच्या तयारीत पोटॅशियम आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची गोळी असते ती याचसाठी. तिच्यात १०० मिलिग्रॅम आयोडीन, मिठाच्या हिशेबाने पावणेदोन वर्षांहून जास्त काळाचं, एका घोटात. ती फक्त थायरॉईडला आणि फक्त आयोडीन-१३१ सारख्यांपासून वाचवते. बाकीच्या किरणोत्सारापुढे तिचा काही उपयोग नाही. सांगितल्याशिवाय घेऊ नये, एवढ्या आयोडीनने एरवी थायरॉईड बिघडू शकते. टिंक्चर आयोडीन तर पिऊच नये.

मावशीला आता आयुष्यभर रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी आहे, कारण ते बनवणारी ग्रंथीच उरलेली नाही. तिने मला विचारलं, मग आता पाकिटातलं मीठ खाऊन उपयोग काय? खरंय, थायरॉक्सिनमध्ये आयोडीन आयतंच येतं, तिला स्वतःसाठी त्याची फारशी गरज नाही. पण त्या घरात तिची सून सहा महिन्यांची गरोदर आहे. मीठ बदलू नकोस, म्हटलं.