गळती विहिरीची आणि घोळ 'किल' या शब्दाचा

फुटलेली तेलविहीर कायमची बंद करण्याचा खात्रीचा उपाय जुनाच आहे. शेजारून तिरकी विहीर खणायची, खोलवर मूळ विहिरीला गाठायचं, तिच्यात जड चिखल (खोदकामात वापरतात तो घट्ट, वजनदार द्रव) आणि मग सिमेंट भरायचं. टेक्सासमध्ये जमिनीवर हे १९३४ सालीच जमलं होतं. १९७९ मध्ये मेक्सिकोच्या कॅम्पेचे उपसागरात जेमतेम ५० मीटर पाण्याखाली इक्स्टॉक विहीर फुटली, तेव्हा या वाटेने नऊ महिने लागले.

एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातली मकोंडो विहीर फुटली ती दीड किलोमीटर पाण्याखाली. अकरा कामगार गेले. मे महिन्यात गळतीवर पोलादी घुमट उतरवला, पण वायू आणि थंडगार पाणी एकत्र येऊन त्यात बर्फासारखा लगदा साचला. तोंड बुजलं आणि घुमट तरंगू लागला.

मग 'टॉप किल'. नावात 'किल' असलं तरी विहीर मारण्याची हमी त्यात नव्हती. वरून जड चिखल इतक्या जोराने दाबायचा, की उसळणारं तेल मागे रेटलं जाईल. चिखल जास्त वेगाने खाली जातो की वर निसटतो, यावरच सगळं अवलंबून. प्रवाह दिवसाला १५,००० बॅरलच्या वर असेल तर हे जमणार नाही, हे विहिरीची मालक असलेल्या बीपी कंपनीतल्या अभियंत्यांना ठाऊक होतं. जाहीर आकडा मात्र ५,००० चा होता. प्रत्यक्षात प्रवाह ५०,००० च्याही वर होता, असा सरकारी अंदाज नंतर आला. तीन दिवसांनी प्रयत्न सोडला, आणि दोष गेला विहिरीच्या आतल्या नळीवर: ती फुटली असावी, चिखल बाजूने जात असावा. याच भीतीपोटी विहिरीवर झडपांची टोपी बसवून ती थेट बंद करण्याचा पर्याय बाजूला पडला. माझ्या मते सगळ्यात महाग पडला तो हाच निर्णय. आकडा खरा सांगितला असता तर नळीवर संशय घ्यायची गरजच उरली नसती.

टोपी अखेर जुलैत बसली आणि १५ तारखेला, ८७ व्या दिवशी, गळती थांबली. आतला दाब अपेक्षेपेक्षा कमी भरला, तेव्हा पुन्हा तीच शंका: नळी फुटून तेल बाजूने जात असेल, तर झडपा उघडायच्या का? त्या बंदच ठेवल्या, आणि ते बरोबर ठरलं. ऑगस्टमध्ये झालेला 'स्टॅटिक किल' म्हणजे शांत झालेल्या विहिरीत वरून सावकाश चिखल आणि सिमेंट भरणं. तिरकी विहीर पोहोचली सप्टेंबरमध्ये. तिच्यातून तळाशी सिमेंट गेलं आणि १९ तारखेला विहीर अधिकृतपणे मृत घोषित झाली.

आता अमेरिकेच्या खोल समुद्रात खोदकामाची परवानगी हवी असेल, तर अशी टोपी हाताशी असल्याचं आधी दाखवावं लागतं.