अपंग माजी सैनिकांचे लाभ आणि अमेरिकी दिवाळखोरी कायदा

लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला अमेरिकेच्या संघीय सरकारकडून दरमहा भरपाई किंवा निवृत्तिवेतन मिळते. असा सैनिक कर्जबाजारी होऊन दिवाळखोरी न्यायालयात गेला, तर या पैशाचे काय करायचे, यासंबंधीच्या नियमांची ही नोंद आहे. त्यात दोन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत. हा पैसा धनकोंना जप्त करता येतो का, हा पहिला. ऋणकोची कर्ज फेडण्याची ऐपत मोजताना हा पैसा त्याच्या उत्पन्नात धरायचा का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच काळापासून ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर २००५ ते २०१९ या काळात ‘हो’ असे होते. त्यामुळे कायदा एका हाताने जे राखत होता तेच दुसऱ्या हाताने काढून घेत होता. २०१९ च्या हेवन कायद्याने ही विसंगती बहुतांशी दूर केली.

जप्तीपासूनचे संरक्षण जुने आहे, पण सुरुवातीला ते तोकडे होते. एकोणिसाव्या शतकातील कायदा निवृत्तिवेतनाची रक्कम सरकारकडून सैनिकाच्या हाती पोहोचेपर्यंतच ती सुरक्षित ठेवी. हाती पडल्यावर तिचे काय झाले याच्याशी कायद्याला कर्तव्य नसे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९०२ मध्ये हाच अर्थ मान्य केला. १९३५ मध्ये काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) शब्द बदलले आणि रक्कम मिळण्यापूर्वी व मिळाल्यानंतरही जप्तीमुक्त केली. आज ही तरतूद संघीय कायदेसंहितेच्या ३८ व्या भागातील कलम ५३०१ मध्ये आहे. माजी सैनिक व्यवहार विभागाने (व्हीए) दिलेला लाभ कोणाच्या नावे करून देता येत नाही, धनकोंच्या दाव्यातून तो मुक्त असतो आणि त्यावर जप्ती आणता येत नाही, असे हे कलम सांगते. पुढचे निवृत्तिवेतन आगाऊ रोख देऊन ‘विकत’ घेणारे दलाल आजही आहेत. तसा करारही या कलमाखाली बेकायदा हस्तांतरण ठरतो.

पैसा हाती आल्यावर त्याचे रूप बदलले तर काय, यावर न्यायालयांत बराच खल झाला. १९३३ च्या एका खटल्यात अशा पैशातून घेतलेली जमीन करमुक्त नाही असे ठरले. १९३९ मध्ये त्यातून घेतलेल्या रोख्यांनाही संरक्षण नाकारले गेले. बँकेतली साधी ठेव मात्र १९३७ मध्येच सुरक्षित ठरली होती. १९६२ च्या पोर्टर विरुद्ध एटना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आजही वापरात असलेली कसोटी घालून दिली. पैसा उदरनिर्वाहासाठी सहज काढता यावा, त्याचे ‘पैसेपण’ टिकलेले असावे आणि तो कायमस्वरूपी गुंतवणुकीत रूपांतरित झालेला नसावा. त्या खटल्यात बचत व कर्ज संस्थांत ठेवलेली रक्कमही या कसोटीला उतरली. व्यवहारात हे महत्त्वाचे ठरते, कारण व्हीएकडील दावे बरेचदा रेंगाळतात आणि निकाल लागल्यावर थकबाकी एकरकमी जमा होते. ती रक्कम स्वतंत्र खात्यात राहिली तर कुठून आली हे दाखवणे सोपे जाते. पगारात मिसळली किंवा तिचे शेअर घेतले, की वकिलाचे काम वाढते. २०११ पासून बँकांवरही एक जबाबदारी आली आहे. खातेजप्तीचा आदेश आला, की थेट जमा झालेल्या संघीय लाभांची गेल्या दोन महिन्यांची रक्कम खातेदाराने न मागताही त्यांना मोकळी ठेवावी लागते.

दिवाळखोरीच्या अर्जातही हे संरक्षण सोबत येते. ऋणकोने दिवाळखोरी संहितेतील संघीय सवलतयादी (धनकोंपासून मुक्त असलेल्या मालमत्तेची यादी) निवडली, तर तिच्यात माजी सैनिकाचा लाभ नावानिशी आहे. राज्याची यादी निवडली, किंवा राज्याने तीच सक्तीची केली असली, तरी अन्य संघीय कायद्याने मुक्त असलेली मालमत्ता मुक्तच राहते, म्हणजे कलम ५३०१ कामी येते. या संरक्षणाला अपवाद मोजके आहेत. व्हीएने चुकून जादा दिलेली रक्कम सरकार वळती करू शकते. मुलांच्या पोटगीसमोरही ही ढाल चालत नाही. रोझ विरुद्ध रोझ या १९८७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अपंगत्व भरपाई सैनिकाइतकीच त्याच्या कुटुंबाच्या पोषणासाठीही असते, त्यामुळे पोटगी चुकवणाऱ्याला राज्य न्यायालय अवमानाबद्दल जबाबदार धरू शकते. पोटगीची थकबाकी दिवाळखोरीतूनही माफ होत नाही.

खरा पेच निर्माण झाला तो ऐपतीच्या हिशेबात. अमेरिकेत सामान्य माणसापुढे दिवाळखोरीचे मुख्यतः दोन मार्ग असतात. संहितेच्या प्रकरण ७ खाली सवलतीबाहेरची मालमत्ता धनकोंना वाटण्यासाठी दिवाळखोरीच्या विश्वस्ताच्या हवाली केली, की बहुतेक कर्जांतून काही महिन्यांत सुटका होते. बऱ्याच अर्जदारांकडे सवलतीबाहेर काही उरलेलेच नसते, हा भाग वेगळा. प्रकरण १३ खाली मालमत्ता राखता येते, पण तीन ते पाच वर्षे दरमहा हप्ते भरावे लागतात. धनकोंचा आग्रह अर्थातच दुसऱ्या मार्गाचा असतो. कर्जपुरवठादारांनी अनेक वर्षे लावून धरलेला दिवाळखोरी गैरवापर प्रतिबंधक कायदा २००५ मध्ये संमत झाला आणि त्याने ऐपत चाचणी आणली. अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांतील सर्व मार्गांनी आलेल्या उत्पन्नाची सरासरी काढायची. हे ‘चालू मासिक उत्पन्न’. त्याची बारापट राज्यातील तेवढ्याच कुटुंबाच्या मध्यक उत्पन्नापेक्षा जास्त भरली, की ठरावीक खर्च वजा करून उरलेली रक्कम तपासायची. ती मर्यादेबाहेर गेली, तर प्रकरण ७ चा अर्ज ‘गैरवापर’ मानला जातो.

‘सर्व मार्गांनी’ या शब्दांना कायद्याने तीनच अपवाद ठेवले होते. सोशल सिक्युरिटी (सरकारी सामाजिक सुरक्षा योजना) कायद्याखालील लाभ, युद्धगुन्हे वा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या बळींना मिळालेली रक्कम आणि दहशतवादाच्या बळींना मिळालेली रक्कम. व्हीएच्या अपंगत्व भरपाईचा त्यात उल्लेख नव्हता.

२०१९ पूर्वीच्या या नियमाचा परिणाम आकड्यांत पाहू. दोन शेजारी घ्या. दोघांचाही पाठीचा कणा निकामी झाला आहे आणि दोघांच्याही बायका दरमहा ३,००० डॉलर कमावतात. पहिला कारखान्यात जखमी झाला, त्याला सोशल सिक्युरिटीतून अपंगत्वाचे २,५०० डॉलर मिळतात. दुसरा इराकमध्ये जखमी झाला, त्याला व्हीएकडून तेवढेच मिळतात. पहिल्याच्या घराचे वार्षिक उत्पन्न कायद्याच्या दृष्टीने ३६,००० डॉलर, दुसऱ्याचे ६६,०००. पहिला सरळ प्रकरण ७ मध्ये जातो. दुसरा अनेक राज्यांत मध्यक उत्पन्नाच्या वर जाऊन चाचणीत अडकतो. तो प्रकरण १३ कडे वळला, तरी तिथेही हीच व्याख्या आडवी येते, कारण हप्ता ज्या ‘खर्चयोग्य उत्पन्ना’वरून ठरतो तेही चालू मासिक उत्पन्नातूनच काढले जाते. मध्यकाच्या वर असल्याने त्याचा आराखडा साधारणतः तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचा होतो. म्हणजे जो पैसा धनकोला न्यायालयाचा हुकूम आणूनही थेट हात लावता आला नसता, तोच आता विश्वस्तामार्फत त्याच्याकडे जाऊ लागतो.

कलम ५३०१ चा आधार घेऊन हा अर्थ टाळावा, असा युक्तिवाद झाला. व्हिस्कॉन्सिनमधील एका दिवाळखोरी न्यायालयाने २०१७ मध्ये तो फेटाळला. व्याख्येचे शब्द स्वच्छ आहेत आणि त्यात भर घालणे काँग्रेसचे काम आहे, हा या भूमिकेचा गाभा. शब्दार्थाच्या दृष्टीने ती चुकीची म्हणता येत नाही.

काँग्रेसला २००५ मध्ये अपंग सैनिकांची आठवणच नव्हती, असे मात्र नाही. त्याच कायद्यात त्यांच्यासाठी एक स्वतंत्र सूट होती आणि ती अजूनही आहे. अपंगत्व किमान ३० टक्के ठरलेले असावे, किंवा सेवेत आलेल्या वा बळावलेल्या अपंगत्वामुळे सैनिकाला सेवामुक्त केलेले असावे. शिवाय कर्ज मुख्यतः सक्रिय सेवेच्या काळात झालेले असावे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, तर प्रकरण ७ मधील ऐपत चाचणी लागूच होत नाही. दुसऱ्या अटीने या सुटीतला जीव काढून घेतला. सैनिक कर्जात बुडतो तो सहसा घरी परतल्यावर. नोकरी मिळत नाही किंवा टिकत नाही, व्हीएचा निर्णय लांबतो, क्रेडिट कार्डावर घर चालते. गणवेशात असताना पगार, राहण्याची सोय आणि वैद्यकीय सेवा असते. ज्याने ही अट लिहिली त्याने प्रश्न उलट्या टोकाने पाहिला, असेच म्हणावे लागते. राखीव दले आणि नॅशनल गार्ड यांच्यासाठी २००८ मध्ये वेगळी मुदतबंद सूट आली. ११ सप्टेंबर २००१ नंतर किमान ९० दिवस बोलावल्या गेलेल्यांना सेवाकाळात आणि त्यानंतर ५४० दिवस चाचणीतून वगळणारी. तिचा अपंगत्वाशी संबंध नाही.

अखेर दुरुस्ती झाली ती व्याख्येतच. अमेरिकन बँकरप्सी इन्स्टिट्यूट या व्यावसायिक संस्थेच्या माजी सैनिकविषयक कार्यगटाने प्रश्न लावून धरला. सिनेटमध्ये व्हिस्कॉन्सिनच्या डेमोक्रॅट टॅमी बाल्डविन आणि टेक्ससचे रिपब्लिकन जॉन कॉर्निन यांनी, तर प्रतिनिधीगृहात जॉर्जियाच्या डेमोक्रॅट ल्युसी मॅकबाथ आणि फ्लोरिडाचे रिपब्लिकन ग्रेग स्टूबी यांनी विधेयक पुढे नेले. २३ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची त्यावर सही झाली. छोट्या उद्योगांच्या पुनर्रचनेचा कायदाही त्याच दिवशी मंजूर झाला आणि वकिलांच्या वर्तुळात अधिक चर्चा त्याचीच झाली.

हेवन कायद्याने चालू मासिक उत्पन्नाच्या व्याख्येला चौथा अपवाद जोडला. सैनिकी सेवेतील व्यक्तीचे अपंगत्व, लढाईशी संबंधित जखम किंवा मृत्यू यांच्या संदर्भात संघीय कायदेसंहितेच्या १०, ३७ वा ३८ व्या भागाखाली दरमहा मिळणारी भरपाई, निवृत्तिवेतन, वेतन, वर्षासन किंवा भत्ता आता उत्पन्नात धरला जात नाही. त्यामुळे व्हीएची अपंगत्व भरपाई बाहेर गेली, लढाईतील जखमांसाठी संरक्षण खात्याकडून मिळणारी विशेष भरपाईही गेली. शहीद सैनिकाच्या पत्नीला वा पतीला मिळणारी दरमहाची रक्कम वगळली गेली, याचा लाभ विधवांना विशेष झाला. टक्केवारीची अट नाही आणि कर्ज कधी झाले हेही विचारले जात नाही. वीस वर्षे धडधाकट सेवा करून मिळवलेले साधे निवृत्तिवेतन मात्र पूर्वीप्रमाणेच उत्पन्नात येते.

या दोहोंच्या मधली एक जागा किचकट आहे. वैद्यकीय कारणावरून निवृत्त केलेल्या सैनिकाला लष्कराकडूनच निवृत्तिवेतन मिळते. त्याचा किती भाग अपंगत्वासाठी आणि किती सेवेसाठी? कायद्याचे उत्तर असे की अपंगत्व नसते तर सेवेच्या जोरावर जेवढे मिळाले असते, त्याहून जास्त असलेला भागच वगळायचा. बारा वर्षांनंतर जखमी होऊन घरी आलेल्या सार्जंटला एरवी निवृत्तिवेतनाचा हक्कच नसतो, म्हणून त्याची सगळी रक्कम वगळली जाते. बावीस वर्षे सेवा झालेल्याला सेवेपोटी २,००० डॉलर मिळाले असते आणि अपंगत्वामुळे २,६०० मिळतात, तर वगळायचे फक्त ६००. न्यायालयाच्या उत्पन्नपत्रकांत (प्रकरण ७ साठी नमुना १२२ए-१, प्रकरण १३ साठी १२२सी-१) निवृत्तिवेतनाच्या रकान्यात हे वाक्य जवळपास कायद्याच्याच शब्दांत घातलेले आहे, आणि अर्जदाराने ही वजाबाकी स्वतः करावी अशी अपेक्षा असते.

वगळलेला पैसा लपवायचा मात्र नसतो. प्रत्यक्ष जमाखर्चाच्या तक्त्यात तो दाखवावाच लागतो. मग विश्वस्त विचारू शकतो, की खात्यात दरमहा एवढा पैसा येत असताना धनकोंना इतके थोडे देणे हा सद्हेतू आहे का? सोशल सिक्युरिटीच्या बाबतीत हा प्रश्न अनेक अपील न्यायालयांपुढे आला. पाचव्या, नवव्या आणि दहाव्या मंडळांच्या न्यायालयांनी सांगितले, की कायद्याने दिलेली सूट घेणे म्हणजे दुर्हेतू नव्हे. चौथ्या मंडळाने २०१३ मध्ये त्याला एक उपयुक्त पुस्ती जोडली. ऋणकोने स्वखुशीने ठरवले, तर हप्ते भरण्याची क्षमता दाखवण्यासाठी तो हाच पैसा मोजू शकतो. सैनिकांच्या लाभांना आता त्याच व्याख्येत जागा मिळाल्याने त्यांचे वकीलही याच निकालांचा आधार घेतात. घर वाचवण्यासाठी प्रकरण १३ निवडणाऱ्या सैनिकाला भरपाईच्या पैशातून गहाणाचा थकलेला हप्ता भरता येतो, पण क्रेडिट कार्ड कंपनीला त्या पैशावर बोट ठेवता येत नाही.