तिसरा धडा आणि श्रीखंडाचा डबा

श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा आणि त्याच्या झाकणाला सुरीने पाडलेली चीर. एवढंच सामान घेऊन मी महिन्यातून एक-दोनदा ठाण्याहून वाशी किंवा पनवेल लोकल पकडते. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, वयात येण्याबद्दल मुलांशी बोलायला ज्या शाळेचं बोलावणं असेल तिथे उतरते. आठवी-नववीच्या वर्गात डबा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरतो. नियम दोनच. नाव लिहायचं नाही, आणि चिठ्ठी प्रत्येकाने टाकायचीच. प्रश्न नसेल तर कोरी टाकायची. त्यामुळे कोणी लिहिलं आणि कोणी नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही.

चिठ्ठ्या घड्या घालून घालून सुपारीएवढ्या झालेल्या असतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून काही डाव्या हाताने लिहिलेल्या. त्यातली एक मी अजून जपून ठेवली आहे: ‘टीचर, माझ्या छातीत डाव्या बाजूला गाठ आहे. दाबली की दुखते. कॅन्सर असतो का? मी मुलगा आहे.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

वयात येताना मुलांच्या शरीरातही इस्ट्रोजेन हे बायकांचं समजलं जाणारं संप्रेरक (हार्मोन) थोडं असतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचाच काही भाग त्यात बदलतो. सुरुवातीच्या काळात या दोन संप्रेरकांचा तोल मागेपुढे होतो आणि स्तनाग्रामागे नाण्याएवढी टणक, हुळहुळी गाठ तयार होते. कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडे. वयात येणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हे कमी-अधिक प्रमाणात होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप विरून जातं. वाढतच राहिली, त्यातून स्राव आला किंवा दोन वर्षांनीही गेली नाही, तर डॉक्टरला दाखवायचं. तो कॅन्सर नव्हे. हे सांगत असताना वर्गातल्या तीन मुलांनी एकदम मान खाली घातली. चिठ्ठी त्यातल्या कोणाची होती, मला माहीत नाही. बहुधा प्रश्न तिघांचाही होता.

‘लैंगिक शिक्षण’ म्हटलं की पालकसभेत कुजबुज सुरू होते, ती मुलांना ‘नको ते’ कळेल या भीतीने. डब्यातून मात्र ‘नको ते’ फारसं निघत नाही. दहातल्या सात-आठ चिठ्ठ्यांचा मथितार्थ एकच असतो: माझं बरोबर चाललंय ना?

आपल्या पुस्तकात याचं उत्तर आहे का? दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये तिसरा धडा आहे, ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग - २’. मानवी प्रजननसंस्था त्यात आहे, आकृत्या नीट आहेत, संप्रेरकांची नावं आहेत. धडा वाईट नाही. अडचण वेळेची आहे. मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात, आणि धडा येतो पंधराव्या वर्षी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यातून अनेक वर्गांत तो ‘घरी वाचून घ्या’ या सदरात जातो. मी स्वतः पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि पहिली काही वर्षं मीही आकृती काढून, नावं देऊन, मुलांकडे पाठ करून फळाच पुसत बसायचे. तेव्हा कुणी बोट वर केलं नाही, याचं मला बरं वाटायचं!

खरं तर सांगण्यासारखी मोठी गंमत त्या आकृतीच्या बाहेर, मेंदूत आहे. हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागातून एक संप्रेरक ठोक्याठोक्याने सुटतं, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला जागं करतं आणि पियुषिका अंडाशयांना किंवा वृषणांना. हे यंत्र जन्मानंतर काही महिने चालू असतं, मग बालपणभर झोपी जातं आणि पुन्हा सुरू होतं ते आधी रात्री, मूल गाढ झोपेत असताना. म्हणजे घरात कोणाच्या लक्षात येण्याच्या कितीतरी आधी काम सुरू झालेलं असतं. पण त्याला उठवतं कोण? १९९६ साली अमेरिकेतल्या हर्शी गावात कर्करोगावर संशोधन चालू असताना एक जनुक सापडलं. गाव चॉकलेटसाठी प्रसिद्ध. तिथल्या ‘किसेस’ चॉकलेटवरून जनुकाचं नाव पडलं ‘किस-वन’. पुढे २००३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की या जनुकापासून बनणाऱ्या किसपेप्टिनचा निरोप ज्यांच्या शरीरात पोचत नाही, ती माणसं वयातच येत नाहीत. हे सांगितलं की वर्ग हसतो. एकदा हसला की मग पुढचं ऐकतो.

घड्याळ प्रत्येकाचं वेगळं चालतं, हे मुलांना दाखवायला आकडे लागत नाहीत, बूट पुरतात. जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट दिवाळीपर्यंत चावायला लागतात आणि आई वैतागते. वाढ आधी हातापायांच्या टोकांना येते, मग तंगड्या-दंडांना आणि शेवटी धडाला. मधल्या काळात तो मुलगा ताटाला पाय लावतो, ग्लास सांडतो, घरचे त्याला ‘धांदरट’ म्हणतात. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या. म्हणून सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली मागच्या रांगेत असतात. आणि मुलांमध्ये पहिला बदल मिशीचा नसतोच. मिसरूड बरंच उशिरा फुटतं. त्याआधी वृषणांची वाढ सुरू झालेली असते. मिशी नाही म्हणून झुरणाऱ्या नववीतल्या मुलाला एवढं कळलं तरी निम्मं ओझं उतरतं.

काही ओझी मात्र आपल्या भाषेनेच लादलेली आहेत. ‘स्वप्नदोष’ हा शब्द बघा. झोपेत आपोआप होणाऱ्या, पूर्णपणे स्वाभाविक गोष्टीच्या नावातच दोष! लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’वाले कागद चिकटवणाऱ्यांचा धंदा या एका शब्दावर चालतो. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे मुलं कुठूनतरी ऐकून येतात, मग अशक्तपणाची, विसरभोळेपणाची, परीक्षेत कमी पडलेल्या मार्कांची कारणं तिथे शोधतात. प्रत्यक्षात त्या द्रवात बहुतांश पाणीच असतं, बराचसा भाग दोन-तीन ग्रंथींचे स्राव आणि शुक्रपेशींचा वाटा अगदी थोडा. त्या पेशी शरीर रोज कोट्यवधींनी बनवत असतं. रक्ताशी त्याचा हिशेब लागत नाही.

मुलींकडे शब्दांची कमी नाही, पण सगळे आडून बोलणारे: कावळा शिवला, अडचण आहे, बाजूला बसली, शहाणी झाली. शहाणी झाली म्हणायचं आणि काहीच सांगायचं नाही! त्यांच्या चिठ्ठ्यांत तारखांची काळजी असते. ‘दोन महिने आली नाही, मी काहीच केलं नाही तरी.’ पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि अंडाशय यांची जुळवाजुळव चालू असते, प्रत्येक महिन्याला बीज सुटतंच असं नाही, म्हणून या वयात २१ पासून ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. तीन महिने आलीच नाही, तर डॉक्टरकडे जायचं. ‘सगळं रक्त संपेल का’ असंही एकीने विचारलं होतं. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे टपरीवरच्या कटिंगचा अर्धा ग्लास. दर दोन तासांनी पॅड भिजून बदलावा लागत असेल, तर मात्र अंगावर काढायचं नाही.

चिठ्ठ्यांना उत्तरं देण्याची ही रीत माझी नाही. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ पासून मरेपर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांचे असेच प्रश्न येत आणि ते नीट, न लाजता उत्तर देत. अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले.

त्यानंतर सत्तरेक वर्षांनी, २००७ मध्ये, केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत येऊ घातला, तेव्हा विरोध करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता. त्याच वर्षी महिला व बालविकास मंत्रालयाची पाहणी प्रसिद्ध झाली. १३ राज्यांतल्या साडेबारा हजारांच्या आसपास मुलांपैकी ५३ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं होतं. बदलापूरच्या शाळेतलं ऑगस्ट २०२४ चं प्रकरण घडल्यावर आमच्या जिल्ह्यातले तेच कुजबुजणारे पालक ‘गुड टच, बॅड टच घ्या’ म्हणून मागे लागले. घ्यायलाच हवं. पण ज्या अवयवाचं नाव घरात उच्चारायचं नाही, त्याला कोणी हात लावला हे मूल कोणत्या शब्दांत सांगणार?

माहिती दिल्याने मुलं लवकर वाहवत जातात का, हा प्रश्न तपासून झालेला आहे. जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली, तिचा निष्कर्ष असा की अशा शिक्षणाने लैंगिक संबंध वाढत नाहीत. उलट पहिला संबंध उशिरा येण्याकडेच कल दिसतो. नुसता ‘लग्नापर्यंत नाही’ एवढाच पाठ देणाऱ्या अमेरिकी कार्यक्रमांची २००७ मध्ये सरकारी खर्चाने तपासणी झाली, तेव्हा तो पाठ घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक सापडला नाही. आणि आपल्याकडे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठरा पुरी होण्याआधीच झालं होतं. ‘आत्ताच कशाला’ हे उत्तर त्यांना कसं द्यायचं?

अलीकडे डब्यात नव्या जातीची चिठ्ठी येते. ‘तो फोटो मागतोय, नाही पाठवला तर ब्रेकअप म्हणतो.’ इथे मी विज्ञान बाजूला ठेवून कायदा सांगते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतली संमती ही संमतीच नाही. असा फोटो मागणं, जवळ ठेवणं, पुढे पाठवणं हे गुन्हे आहेत, पाठवणारा वर्गमित्र असला तरी. मोठ्या माणसाला सांगायचं, नाहीतर मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ फिरवायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या अशाच चित्रफिती बाळगण्याबद्दलच्या निकालात शाळांतून सर्वंकष लैंगिक शिक्षण द्यायला हवं, असंही नोंदवलं.

मध्यंतरी एका मुख्याध्यापकांनी अट घातली, मुलं आणि मुली वेगळ्या बसवा. बसवल्या. मुलींच्या डब्यातून निघालं, ‘मुलांचा आवाज असा फाटतो तेव्हा घसा दुखतो का?’ (नाही. स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, ते ताब्यात यायला वेळ लागतो.) आणि मुलांच्या डब्यातून: ‘ताईचं पोट दुखतं तेव्हा नक्की कुठे दुखतं? विचारलं तर मारते.’

फळ्यावर बाईची आकृती काढून मी बेंबीच्या खाली एक छोटं, उलटं नासपती काढलं. गर्भाशय म्हणजे स्नायूच आहे. आतलं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती या स्नायूला आवळायला लावतात. आवळताना त्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ घटतो, म्हणून कळ येते. पोटरीत गोळा येतो तसंच साधारण, फक्त आत. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरून आवाज आला, अर्धा घोगरा, अर्धा किनरा:

“मग गरम पाण्याची पिशवी चालते का?”

चालते, म्हटलं. उबेने स्नायू सैल पडतो. त्याने ते वहीत लिहून घेतलं.