गूळ खाल्ल्याने फुप्फुसातली धूळ निघत नाही

खडी क्रशर, दगडखाण, सिमेंटचं काम. कुठेही जा, मुकादम सांगतोच, ‘संध्याकाळी गुळाचा खडा खा, धूळ साफ होते.’ काही ठिकाणी मालकच गूळ वाटतो आणि तेवढ्यावर जबाबदारी संपते. याचाच मला राग येतो.

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. गुळाने घशाची खवखव थांबते, एवढंच. १९९४ साली उंदरांवरच्या एका प्रयोगाचे निकाल गुळाच्या बाजूने आले होते खरे, पण त्यावरून माणसाचं फुप्फुस वाचतं असं सिद्ध होत नाही. दगडातल्या सिलिकाचे अतिसूक्ष्म कण थेट वायुकोशांत पोचतात. त्यांना गिळणाऱ्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात, तिथे व्रण धरतो आणि फुप्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढवतो. अनेकदा तर क्षय समजूनच त्यावर औषधं चालू राहतात. म्हणून डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगा.

तोंडाला बांधलेला रुमालही हे कण अडवत नाही. दगड कापताना, फोडताना पाणी मारा. नीट बसणारा एन-९५ मास्क वापरा. छातीचा एक्स-रे आणि श्वासाची चाचणी दरवर्षी करून घ्या. कायद्यानुसार सिलिकोसिसची नोंद बंधनकारक आहे आणि कामगाराला भरपाईही मागता येते.