घोरणं ऐकू येतं, थांबलेला श्वास येत नाही

सकाळी डोळे उघडले की आधी फोन बघायचा, रात्री किती मिनिटं घोरलो? आकडा कमी दिसला की जीव भांड्यात पडतो. त्या आकड्यावरून बरेच जण 'मला झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया नाही' असं ठरवूनही टाकतात, आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

घोरणं म्हणजे आवाज. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, हवेची वाट अरुंद होते आणि तिथून जाणाऱ्या हवेने मऊ टाळू, पडजीभ थरथरतात. पाठीवर झोपलं, नाक चोंदलं किंवा रात्री दारू झाली की आवाज आणखी चढतो. पण हवा आत जात असते. झोपमोड होते ती बहुतेक शेजारच्याची.

अ‍ॅप्नियाच्या नेहमीच्या प्रकारात ती वाट काही वेळ बंदच होते. छाती आणि पोट श्वास ओढायला धडपडतात, पण हवा काही आत जात नाही. हे किमान 10 सेकंद चाललं तर एक वेळ मोजतात. श्वास पुरता न थांबता खूप उथळ झाला आणि त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तर तेही धरतात. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घसा मोकळा होतो, श्वास सुटतो. झोपलेल्याला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. मोठ्या माणसांत असं तासाला 5 पेक्षा कमी वेळा झालं तर ते सर्वसाधारण मानतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र.

आता उशाशी ठेवलेल्या फोनकडे वळू. अंतर राखून ठेवलेल्या फोनचा मुख्य आधार मायक्रोफोन, म्हणजे तो मोजणार आवाज. अ‍ॅप्नियाची खूण मात्र आवाज गेला त्या जागी असते. रेकॉर्डिंगचा आलेख मोठा करून पाहा. साध्या घोरण्यात करवतीच्या दात्यांसारखे एकसारखे उंचवटे दिसतात, श्वासागणिक एक. दुसरीकडे चार-पाच उंचवटे येतात आणि मग सपाट रेघ. पंधरा सेकंद, वीस सेकंद, सपाटच. मग एकदम सुळका! तिथे बोट ठेवून ऐकलं तर गुदमरलेल्याने श्वास ओढावा तसा आवाज येतो. थोड्या वेळाने पुन्हा तीच नक्षी. घोरण्याची मिनिटं मोजणाऱ्या अ‍ॅपच्या हिशेबात ते वीस सेकंद 'शांत' म्हणून जमा होऊ शकतात.

अर्थात प्रत्येक सपाट रेघेने घाबरायचं कारण नाही. माणूस कुशीवर वळून नाकाने गुपचूप श्वास घेत असेल, तरी रेघ सपाटच येते. उलट, शेजारच्याचं घोरणंही आपल्या खात्यावर चढतं. (माझ्या नावावर एका रात्री चाळीस मिनिटं लागली होती. ऐकलं तर पंख्याची घरघर.) आणि अ‍ॅप्नियाचा एक प्रकार असाही आहे की मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही. तिथे घोरण्याचा आवाज नसेलही.

मनगटावरचं स्मार्ट घड्याळ जरा वेगळ्या वाटेने जातं. हालचाल आणि नाडीवरून ते झोपेचा अंदाज बांधतं, म्हणून तुम्ही टक्क जागे पण निश्चल पडून असलात तर ते तुम्हाला खुशाल झोपलेलं धरतं. काही घड्याळं लाल आणि अवरक्त प्रकाशाने ऑक्सिजन पाहतात. पट्टा ढिला असला, मनगट गार पडलं की तो आकडा डळमळतो. 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) सॅमसंग आणि अ‍ॅपल या दोघांच्या घड्याळांतल्या अ‍ॅप्नियाच्या सूचनेला परवानगी दिली. पण ती सूचना आहे, निदान नव्हे. सॅमसंगचं घड्याळ दोन रात्रींची नोंद घेतं, अ‍ॅपलचं महिन्याभराच्या नोंदी पाहतं. सूचना आली तर दुर्लक्ष करू नये. आली नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण सौम्य त्रास त्यातून सहज निसटतो.

निदानासाठीच्या घरगुती तपासणीत नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावतात. श्वास खरंच थांबला का आणि छाती तेव्हा धडपडत होती का, हे तिथे कळतं. स्लीप लॅबमध्ये त्यावर मेंदूच्या लहरीही नोंदवतात, म्हणजे माणूस झोपला होता की नुसता पडून होता, हाही प्रश्न सुटतो.

दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, औषधं घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, किंवा घरातलं कुणी 'अहो, रात्री तुमचा श्वास अडकतो' म्हणत असेल, तर अ‍ॅपचा स्कोअर 90 असो की 40, डॉक्टरांकडे जायचं. गाडी चालवताना डोळा लागत असेल तर तोवर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यायचं. डॉक्टरांकडे जाताना महिन्याभराचे रंगीत आलेख नेले नाहीत तरी चालेल. ती सपाट रेघ आणि तिच्यानंतरचा सुळका, एवढा मिनिटभराचा तुकडा वेगळा काढून ठेवा आणि तो त्यांना ऐकवा.