अक्षरं फिरवण्याचं ध्यान

‘मन रिकामं करा’ हे वाक्य ध्यानाच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत भेटतं. विचार थांबले तरच ध्यान लागलं, हा समज त्यातून इतका पक्का झालाय की विचार थांबत नाहीत म्हणून अनेकजण चार दिवसांत नाद सोडतात. अशांनी अब्राहम अबुलाफियाला जरूर भेटावं. 1240 मध्ये स्पेनमधल्या सारागोसात जन्मलेला हा ज्यू गूढवादी. कब्बाला या ज्यू गूढविद्येत त्याने जी साधना रुजवली, तिच्यात मनाला क्षणाचीही उसंत नसते.

तिचं नाव त्सेरुफ, म्हणजे अक्षरांची जुळणी. ईश्वराच्या नावातली अक्षरं घ्यायची आणि त्यांचा क्रम बदलत राहायचा. लिहून, उच्चारून आणि मग फक्त मनात. हिब्रूत प्रामुख्याने व्यंजनं लिहितात, स्वर खुणांनी दाखवतात. त्यामुळे आपल्या बाराखडीसारखे प्रत्येक अक्षराला पाच स्वर लावायचे. दोन अक्षरांच्या जोडीचे झाले 25 उच्चार, क्रम उलटला की आणखी 25. शिवाय श्वास मोजूनमापून घ्यायचा आणि स्वरागणिक मान हलवायची: ‘ओ’ला वर, ‘इ’ला खाली.

‘सेफर येत्सिरा’ या प्राचीन हिब्रू ग्रंथात याचं गणितही आहे. अक्षरं म्हणजे दगड, शब्द म्हणजे घरं. तीन दगडांची 6 घरं होतात (क, म, ल घ्या: कमल, कलम आणि आणखी चार), चारांची 24, पाचांची 120, सातांची 5040. त्यापुढे तोंडाला बोलवणार नाही, कानाला ऐकवणार नाही, असं तो ग्रंथ म्हणतो. हे आपलं फॅक्टोरियलच (1×2×3 असा चढता गुणाकार)! हिब्रूची सगळी 22 अक्षरं घेऊन सेकंदाला एक रचना म्हटली, तर सुमारे 35 लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं आहे.

आता मेंदूकडे वळू. 1974 मध्ये बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी वर्किंग मेमरीचं, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीचं, एक प्रारूप मांडलं. फोन नंबर ऐकून तो लिहीपर्यंत आपण मनात घोळवतो, ते काम त्यातला ‘फोनॉलॉजिकल लूप’ करतो. त्यात जेमतेम दोन सेकंदांचं बोलणं मावतं. शब्दांची यादी पाठ करताना कोणाला एकच शब्द सारखा पुटपुटायला लावलं, तर हा लूप अडतो आणि यादी नीट लक्षात राहत नाही. मनातल्या मनात चालणारी बडबडही बरीचशी याच वाटेने जाते. जपाने ती वाट अडते. पण तोच शब्द शंभरदा म्हटला की तोंडाला सवय होते, लक्ष मोकळं होतं आणि माळ हातात असताना मन बाजारात पोचतं.

त्सेरुफमध्ये ही पळवाट नाही. मागचा क्रम लक्षात ठेवून पुढचा रचायचा, स्वर बदलायचा, मान सांभाळायची. लूपबरोबरच लक्षाचं नियंत्रण करणारी यंत्रणाही गुंतते आणि सवय लागण्याआधीच काम बदलतं. चिंतेला शिरायला जागाच उरत नाही, असं मला वाटतं. शब्दांची उलटसुलट गुंफण वेद म्हणण्याच्या आपल्या घनपाठ पद्धतीतही आहे, पण तिथे हेतू पाठ शुद्ध राखण्याचा. इथे मनाच्या गाठी सोडवण्याचा.

अक्षरांत भविष्य शोधणं मात्र वेगळं. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथामध्ये पुढच्या काळातल्या माणसांची नावं दडली आहेत, असा दावा 1994 मध्ये संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात आला. 1999 मध्ये त्याच नियतकालिकात तो खोडून काढला गेला. तसेच ‘संकेत’ एका रशियन कादंबरीच्या हिब्रू अनुवादातही सापडले होते. अक्षरं पुष्कळ आणि शोधायची मोकळीक मोठी असली की असं होणारच.

अबुलाफियाच्या परंपरेतल्या एका शिष्याचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. साधनेच्या तिसऱ्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, हातात लेखणी आणि मांडीवर कागद असताना त्याला डुलकी लागली. मेणबत्ती विझत आली म्हणून ती नीट करायला तो उठला. ज्योत गेली तरी उजेड तसाच होता. निरखून पाहिल्यावर तो आपल्याच अंगातून येतोय, असं त्याला जाणवलं. झोप आणि जाग यांच्या सीमेवर मेंदू दृश्यं स्वतःच तयार करतो, हे आज आपण जाणतो. त्या माणसाने डुलकीसुद्धा प्रामाणिकपणे नोंदवली, म्हणून सातशे वर्षांनी आपल्याला हे म्हणता येतं.