वाळू सामायिक, वाटा किती?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतणाऱ्या कारखान्यांतून, रोज वापरलेली वाळू बाहेर पडते. रेझिनच्या (कण चिकटवणाऱ्या रसायनाच्या) वाळूत कणांवर जळक्या रेझिनचा थर असतो. साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजली की तो निघतो आणि वाळू पुन्हा साच्यासाठी वापरता येते. असा वाळू भाजायचा प्लांट तिघांनी मिळून घातला तर बराच स्वस्त पडतो, पण बेत अडतो तो वाटणीवर.

हिशोबासाठी आकडे धरू. हप्ता, गॅस, वीज, मजुरी मिळून वर्षाला एकेकट्याचा खर्च : लहान फाउंड्री ३६ लाख, मधली ६०, मोठी ८४. लहान-मधली एकत्र ७८, लहान-मोठी १०२, मधली-मोठी ११४. तिघांचा मिळून १२६.

समान वाटणीत प्रत्येकी ४२ येतात. लहानाला एकट्याने ३६ च लागतात, तो येणारच नाही. मग वाळूच्या वजनावर वाटू. रोजची वाळू ५, १० आणि ३० टन असेल, तर मोठ्याच्या वाट्याला ८४ येतात, म्हणजे एकट्याच्या खर्चाइतकेच. त्याने का यावं?

यावर लॉइड शॅपली यांनी १९५३ साली गेम थिअरीत (एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणितात) एक रीत मांडली. (त्यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) तिघे एकामागून एक सामील होतात असं समजायचं आणि प्रत्येकाच्या येण्याने खर्च किती वाढला ते मांडायचं. येण्याचे क्रम सहा. लहान पहिला आला तर ३६, असं दोन क्रमांत. मधल्यामागून आला तर १८, मोठ्यामागून आला तरी १८. शेवटी आला तर १२, हेही दोनदा. बेरीज १३२, सरासरी २२ लाख. याच रीतीने मधल्याचे ४०, मोठ्याचे ६४. वाचले अनुक्रमे १४, २० आणि २० लाख.

एवढ्यावर सही करू नका. शॅपलीची वाटणी प्रत्येक वेळी टिकाऊ असतेच असं नाही, म्हणून जोड्या तपासायच्या. लहान-मधला मिळून ६२ भरतात, वेगळे झाले तर ७८ लागतील. उरलेल्या दोन जोड्यांतही फुटण्यात तोटाच आहे.

खरा धोका पुढे आहे. एखाद्याने रेझिनच्या वाळूत ग्रीन सँड (बेंटोनाइट या चिकणमातीने बांधलेली ओलसर वाळू) मिसळून पाठवली, तर त्याच्या त्या वाळूची विल्हेवाट फुकटात होते आणि भुर्दंड सगळ्यांना पडतो. चिकणमाती रेझिन शोषते, आम्लावर घट्ट होणारं रेझिन नीट धरत नाही, साचे कच्चे राहतात. म्हणून प्रत्येक खेपेचा नमुना उतरवण्याआधीच तपासावा आणि भेसळीची खेप त्याच गाडीतून परत पाठवावी. दंडासाठी अनामत आधीच ठेवून घ्यावी. नंतर वसुली म्हणजे भांडण. एकत्र बसलो म्हणून कास्टिंगचे (ओतीव मालाचे) दर मात्र ठरवायचे नाहीत, २००२ च्या स्पर्धा कायद्याने ते चालत नाही.

चौथी फाउंड्री आली की क्रम चोवीस होतात. सगळी मांडणी नव्याने करायची, आणि ही अट पहिल्याच करारात लिहून ठेवायची.